सोलापुरात घरी हॅम रेडिओ स्टेशन: आधी गच्ची, मग तार, सेट शेवटी

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन घरच्या स्टेशनवरून हवेवर इतर हौशी लोकांशी बोलण्याचा, नाद लागला की माणूस पहिल्यांदा सेटच्या किमती बघत बसतो. माझा सल्ला उलटा आहे. लाखभराचा सेट गॅलरीच्या गजाला गुंडाळलेल्या तारेवर मुका राहतो, आणि जुनापाना सेकंडहँड सेट नीट ताणलेल्या तारेवर देशाबाहेरही पोचतो. पैसे आणि डोकं आधी अँटेना, केबल आणि अर्थिंगवर खर्च करा. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलंय. डोळ्यांसमोर सोलापुरातलं साधं घर ठेवलंय: जुळे सोलापूर, शेळगी किंवा विजापूर रोडकडचा बाराशे स्क्वेअर फुटांचा प्लॉट, तळमजल्यावर एक मजला, गच्चीवर जिन्याची खोली आणि पाण्याच्या दोन टाक्या. (नळाला रोज पाणी नसल्यावर एका टाकीत कुणाचं भागतंय!)

परवाना

भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी, देते. वय किमान १२ वर्षं लागतं. अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. परीक्षेत दोन भाग असतात, एक रेडिओच्या तत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा. श्रेणीही दोन आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक भाषा) लागत नाही, ५० वॅटपर्यंत मुभा मिळते आणि कॉलसाइन, म्हणजे हवेवरची तुमची ओळख, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्द या गतीनं मोर्स यावं लागतं, मर्यादा ४०० वॅटची आणि कॉलसाइन व्हीयू२ चं. सुरुवातीला रिस्ट्रिक्टेड पुरते. ५० वॅटमध्ये काय होणार, असं विचारणाऱ्यानं अजून चांगली अँटेना बांधलेली नसते.

परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र आणि स्टेशनचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. प्रमाणपत्र मिळालं की पत्त्यासह परवान्यासाठी पुन्हा अर्ज करायचा. तो हातात येईपर्यंत ट्रान्समीटर घेऊ नका. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत वॉकीटॉकी मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही; परवान्याविना असा सेट नुसता घरात ठेवणंही कायद्यानं चालत नाही.

मधला काळ फुकट घालवू नका. इंटरनेटवर वेबएसडीआर आणि किवीएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत, ते कानाला हेडफोन लावून ऐकत बसा. ७ मेगाहर्ट्झवर लोक कसे हाक मारतात, कॉलसाइन कसं सांगतात, मध्ये कसे थांबतात, हे पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळतं. आणि त्याच काळात गच्चीचं काम उरकून घ्या.

गच्चीवर एक दुपार

बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या. एएमवर लावून जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा आणा. आता घराचा मेन स्विच बंद करून ऐका. खरखर लगेच कमी झाली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. बहुतेक वेळा स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफाय राउटरचा अडॅप्टर किंवा गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. चार्जर बदलता येतात. सोलरच्या तारांवर फेराइटचे (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) क्लिप-ऑन तुकडे बसवावे लागतात आणि अँटेना त्यांच्यापासून जमेल तितकी लांब न्यावी लागते.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येतेय. पूर्व भागात राहणाऱ्यांना पहिली शंका यंत्रमागांची येईल. पण साध्या यंत्रमागाची इंडक्शन मोटर कानाला जितकी छळते तितकी रेडिओला छळत नाही. मोटर चालू-बंद होताना एक टक् ऐकू येते, एवढंच. खरी डोकेदुखी असते ती नव्या मशिनांवरच्या व्हीएफडीची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची. तिचा आवाज सलग गुरगुरल्यासारखा असतो आणि कारखाना बंद झाला की एकदम थांबतो. माग बंद असतील त्या दिवशी पुन्हा ऐकून बघा, फरक कळेल. तिसरा संशयित विजेचा खांब. सैल फिटिंगमध्ये ठिणग्या उडत असतील तर कोरड्या हवेत करकर वाढते आणि पाऊस पडला की दबते. ट्रान्झिस्टर हातात घेऊन गल्लीत चालत गेलात तर नेमका खांब सापडतो. त्याचा नंबर टिपून महावितरणकडे तक्रार द्या. स्वतः खांबाला हात लावू नका, काठीनं ठोकूनही बघू नका.

त्याच दुपारी टेप घेऊन गच्ची मोजा. कोपरे, टाक्या, सोलर आणि जिन्याची खोली कागदावर काढा. गल्लीतून जाणारी विजेची लाइन लाल पेननं काढा. तुमची कुठलीही तार किंवा पाइप तुटून पडला तरी त्या लाइनपर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर जागा बदला, यात तडजोड नाही. जुन्या गावठाणात माळवदाची घरं आहेत; त्या मातीच्या छतावर पाइप रोवू नका, भिंतीला क्लॅम्प मारा. पत्र्याचं छप्पर असेल तर तार पत्र्यापासून किमान तीन-चार मीटर वर हवी.

तार: किती लांब, कशी वळवायची

पहिली अँटेना ४० मीटर बँडची, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झची, डायपोल, म्हणजे मधून केबल जोडलेली दोन हातांची तार, असावी. दिवसा याच बँडवर पुणे, कोल्हापूर, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू लागतात. तीस-चाळीस फुटांवर टांगलेली तार बरीचशी ऊर्जा थेट डोक्यावर फेकते. ती आयनोस्फिअरवर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आपटून छत्रीसारखी खाली येते आणि पाचशे-सहाशे किलोमीटरचा पट्टा मधे खंड न पडता भरून काढते.

हिशोब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे मधून दोन्हीकडे १०.०७ मीटरचा एकेक हात. वायरिंगची १.५ किंवा २.५ स्क्वेअर मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर चालते, खास अँटेना वायरच हवी असं नाही. पीव्हीसीच्या आवरणामुळे शेवटची लांबी दोन-तीन टक्के कमीच भरते. तरी कापताना प्रत्येक हात १०.४ मीटरचा ठेवा.

आता अडचण. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटचा कर्ण पन्नास फूट, म्हणजे १५.२ मीटर. वीस मीटरची तार त्यात सरळ बसत नाही. म्हणून इन्व्हर्टेड व्ही करायचा: मधे उंच पाइप, दोन्ही हात समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे उतरते. जिन्याची खोली साधारण २.४ मीटर उंच असते. तिच्या भिंतीला वीस फुटी जीआय पाइप एक मीटर ओव्हरलॅप ठेवून क्लॅम्प केला तर टोक गच्चीपासून सव्वासात मीटरच्या वर जातं. कोपऱ्यांत तीन मीटरचे छोटे पाइप उभे करा. मधल्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी तार साधारण पावणेनऊ मीटर जाते आणि प्रत्येक हाताचं सव्वा-दीड मीटर उरतं. ते खाली लोंबू देऊ नका. डायपोलच्या टोकांना सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं. बोलत असताना हात लागला तर कातडी भाजते, आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळवणाऱ्यांना तुमच्या बँडशी देणंघेणं नसतं. उरलेला तुकडा तितक्याच उंचीवर कडेकडेनं आडवा वळवा. वळलेल्या टोकांमुळे परिणामात फारसं बिघडत नाही, फक्त जुळवणीत थोडा वेळ जातो. मधला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. वरच्या मापात तो ११५-१२० अंशांच्या आसपास येतो.

जिना एका कोपऱ्यात असेल तर मधल्या कॉलमवर बेसप्लेट बसवून पाइप उभा करा आणि १२० अंशांवर तीन ताण (पाइप धरून ठेवणाऱ्या तारा) द्या. विटांच्या कठड्याला ताण बांधू नका, वाऱ्याच्या एका झोताला कठडाच यायचा. पाण्याच्या टाकीच्या पाइपलाही नाही. आणि होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपास राहत असाल तर वीस फुटी पाइपवर समाधान माना. उंच टॉवर डोक्यात असेल तर आधी विमानतळ प्राधिकरणाकडे उंचीची चौकशी करा. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

दोरी आणि इन्सुलेटर या बारीक वाटणाऱ्या गोष्टींवर इथल्या उन्हाचा सगळ्यात जास्त मार बसतो. बाजारातली पिवळी-निळी प्लॅस्टिक दोरी एका उन्हाळ्यात भुसभुशीत होऊन हातात पिठासारखी येते. काळी पॉलिएस्टर दोरी घ्या. टोकांना अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर लावा. विजेच्या खांबाच्या ताणात असतात तेच, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. केबल टाय काळेच घ्या, पांढरे वर्षभरात तडकतात. आणि दोरी अगदी घट्ट ओढू नका. दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारवा यात तार लांब-आखूड होते, वाऱ्यात पाइप हलतो, म्हणून थोडा झोल राहू द्या.

केबल

केबल ५० ओहमची हवी. डिशची आरजी-६ ७५ ओहमची असते. निव्वळ ऐकायला चालते, पण स्टेशनसाठी ती घेऊ नका. ७ मेगाहर्ट्झवर वीस मीटर आरजी-५८ मध्ये एक डेसिबलच्या आतच नुकसान होतं, त्यामुळे पहिल्या अँटेनाला ती पुरते. पण हीच वीस मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास ४ डेसिबल खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती वर पोचण्याआधीच संपते. पुढं व्हीएचएफ, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर काम, करायचं असेल तर पहिल्यापासून आरजी-२१३ घ्या. जाड आहे, वळवायला त्रास देते, पण नंतर दोनदा पैसे घालवण्यापेक्षा परवडतं.

मधल्या सांध्याच्या खाली केबलचीच आठ-दहा वेटोळी, साधारण पंधरा-वीस सेंटिमीटर व्यासाची, करून टाय मारा. हा घरगुती चोक बालन. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरात शिरू पाहणारा करंट तो अडवतो. तो नसेल तर बोलताना माइक ओठाला चटका देतो आणि शेजारच्यांच्या टीव्हीचा स्पीकर तुमच्या आवाजात गुरगुरतो.

सांधा मात्र मन लावून बंद करा. तांबं घासून साफ करा, डाख नीट वितळू द्या, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून अर्ध्यावर अर्धा चढवत गुंडाळा आणि वरून साधी काळी टेप. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ते दोरीसारखं खालपर्यंत ओढलं जातं, आणि बाहेरून काही दिसत नाही. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथंच टपकतं.

जुळवणी

इथं घाई करू नका. नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र घ्या किंवा कुणाचं तरी मागून आणा. ते केबलच्या खालच्या टोकाला जोडलं की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप) कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यात कमी आहे ते दिसतं. तार १०.४ ठेवली असल्यानं तो खड्डा ७ च्या खाली येईल. समजा ६.८५ वर आला. नवी लांबी म्हणजे १०.४ गुणिले ६.८५ भागिले ७.१, साधारण १०.०३ मीटर. दोन्ही हातांतून ३७ सेंटिमीटर कमी करायचे. कापू नका, टोक मागं वळवून तारेवरच घट्ट पिळून टाका. पहिल्या वेळी निम्मंच वळवा, पुन्हा मोजा, मग उरलेलं. दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

१.५ च्या आत आलं की थांबा. १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ चं १.१ करण्यात लोक सुट्टीचे रविवार घालवतात, समोरच्या माणसाला त्याचा शून्य फरक ऐकू येतो. उलट ३ च्या पुढं असेल तर बहुतेक सेट स्वतःहून शक्ती कमी करतात. आधी सांधा आणि कनेक्टर तपासा, लांबी नंतर.

अर्थिंग आणि वळीव

सोलापूरची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. पण एप्रिलमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि रॉडभोवतीची पकडच सुटते. नेमका तेव्हाच वळीव येतो. त्यातून अनेक ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो, रॉड पुढं जात नाही. अशा वेळी एका खोल रॉडचा हट्ट सोडा. दोन-तीन आखूड रॉड, निदान एकेका रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवून, जाड तांब्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडा. आजूबाजूला बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि फेब्रुवारीपासून बादलीभर पाणी घालत जा. भांडी धुतलेलं पाणीही चालतं.

ही अर्थ घराच्या वीजजोडणीच्या अर्थला जोडलेलीच हवी. रेडिओची अर्थ वेगळी ठेवावी, असं जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतं. ते ऐकू नका. वीज जवळपास पडली तर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या सेटमधून वाट काढतो. पाइपही अर्थ करा. केबल घरात शिरते तिथं गॅस ट्यूबचा लाइटनिंग अरेस्टर बसवून त्याची अर्थपट्टी आखूड आणि सरळ खाली न्या.

एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढं काही टिकत नाही. म्हणून सवय लावा: बोलणं संपलं की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवायची. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं की गडगडाटाची वाट बघू नका. अशा वेळी पाइप उतरवायला गच्चीवर जाणं तर नाहीच.

टेबल

आता सेट. १०० वॅटचा एचएफ (७ मेगाहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीचा) सेट पूर्ण शक्तीवर १३.८ व्होल्टला २०-२२ अँपिअर ओढतो, म्हणून पॉवर सप्लाय ३० अँपिअरचा घ्या. रिस्ट्रिक्टेड परवाना असेल तर सेट ५० वॅटवर बांधून ठेवा. डीसी वायर ६ स्क्वेअर मिलिमीटरची आणि दोन मीटरच्या आत ठेवा. १.५ च्या वायरीत तेवढ्याच अंतरात व्होल्टभर पडतो आणि जोरात बोललात की आवाज फाटतो. लाल-काळी वायर उलटी लागली तर क्षणात हजारो रुपये जातात, तेव्हा दोन्ही वायरींत फ्यूज आणि एकाच दिशेनं बसणारा कनेक्टर हवाच.

लाइट गेल्यावर चालायला घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी उत्तम, मात्र त्या वेळी इन्व्हर्टर तिच्यापासून तोडा, तो भयंकर खरखर करतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात हॅम मंडळी मदतीला धावली होती. अशा वेळी आधी वीजच जाते.

सेट स्लॅबखालच्या बंद माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. तळमजल्यावर, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा आणि पंख्याची जाळी महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करा.

दोन मीटरसाठी छोटी अँटेना

१४५ मेगाहर्ट्झची, म्हणजे दोन मीटर बँडची, अँटेना एका संध्याकाळचं काम आहे. एक एसओ-२३९ पॅनेल सॉकेट घ्या. मधल्या पिनवर ४९ सेंटिमीटरची पितळी किंवा तांब्याची सळई उभी डाख द्या, चार कोपऱ्यांच्या भोकांत ५१-५२ सेंटिमीटरच्या चार सळया बसवून ४५ अंशांनी खाली वाकवा. त्या वाकवण्यामुळेच ती ५० ओहमच्या जवळ येते. पाइपच्या टोकावर ठेवली की शहरभर स्पष्ट ऐकू येतं. सोलापूर बरंचसं सपाट असल्यामुळे इथं शक्तीपेक्षा उंची कामाला येते. १४५.८०० मेगाहर्ट्झ एफएमवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाजही याच सळईवर पकडता येतो, स्थानक डोक्यावरून जात असेल ती दहा मिनिटं.

पहिली हाक

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर एलएसबी (बोलण्याचा मोड) लावा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐका. भर दुपारी आवाज क्षीण होतात, संध्याकाळनंतर जवळची स्टेशनं गायब होऊन लांबची यायला लागतात. बिघाड समजून गच्चीवर धावू नका. चालू नेटमध्ये (हवेवरच्या बैठकीत) घुसायचं तर दोन वाक्यांच्या मधल्या जागेत फक्त कॉलसाइन सांगा, नेट चालवणारा बोलावतो. माइक तोंडासमोर न धरता थोडा तिरका धरा. व्यापार, राजकारण, धर्म हे विषय हवेवर आणायचे नाहीत. अजून बोलायचा धीर होत नसेल तर ७.०७४ वर एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवण्याचा मोड) लावा. तुमचा सिग्नल कुठं कुठं ऐकू गेला ते पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर काही मिनिटांत दिसतं, आणि अँटेनाची परीक्षा तिथंच होते.

शेजारच्यांनी तक्रार केली तर वाद घालू नका. त्यांच्या टीव्हीच्या किंवा स्पीकरच्या वायरीला फेराइट क्लिप स्वतः लावून द्या, वीस-तीस रुपयांत संबंध टिकतात. अपार्टमेंटमध्ये असाल तर सोसायटीची लेखी परवानगी पाइप आणायच्या आधी घ्या.

लॉगबुकात वेळ यूटीसीमध्ये लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. फ्रिक्वेन्सी, समोरचं कॉलसाइन आणि दोन्ही बाजूंचे सिग्नल रिपोर्टही हवेत. समोरचा ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या चौकोनाचा कोड, विचारेल. सोलापूर शहराचा बहुतेक भाग एमके७७ मध्ये येतो, पंढरपूरही. बार्शी एमके७८ मध्ये, तर अक्कलकोट एमके८७ मध्ये. ७६ रेखांशाची सीमा शहराच्या पूर्वेला जवळूनच जाते, त्यामुळे त्या बाजूला राहणाऱ्यांनी फोनवर आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश बघूनच ग्रिड सांगावा.